अक्षराचा कोपरा

परवा फोनवर तू सांगत होतीस, शाळेत तुम्हाला एक फिल्म दाखवली. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या हिब्रू गुंडाळ्या, जळक्या भाकरीसारख्या काळ्या पडलेल्या, आणि त्या कॅमेऱ्याखाली धरून कंप्युटरवर वाचणारी माणसं. ‘आजी, डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि स्क्रीनवर सगळं दिसतं,’ असं तू निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत म्हणालीस. मी ‘हो का?’ म्हटलं आणि जेवलीस का म्हणून विचारायला लागले.

खरं म्हणजे मला ते ठाऊक होतं. तसलीच एक छोटी गुंडाळी कुवेतमध्ये, अबू हलीफा भागातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तुमच्या आजोबांनी कॅमेऱ्याखाली धरली होती. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, आणि इंग्रजीत तर ती मला सांगताच येणार नाही. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, तरी नाही. म्हणून तुम्हा भावंडांसाठी मराठीत लिहिते. अडलात तर बाबाकडून वाचून घ्या.

आधी माणसं सांगते. आम्ही कुवेतला आलो ते लढाई संपल्यावर वर्षभराने. तुमचे आजोबा तेल कंपनीत नळांचे सांधे तपासायचे. दोन नळ वितळवून जोडले की त्या सांध्याचा एक्स-रे काढायचा आणि आत चीर नाही ना, पोकळी नाही ना, ते फिल्मवर बघून सही करायची. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी नर्स एकटी राहायची. अलिबागकडची, चाळिशीची, लग्न न केलेली. अख्खी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची, मीही म्हणू लागले. ती मला ताई म्हणे आणि तुमच्या आजोबांना भावजी.

ती कुवेतमध्ये आमच्या पुष्कळ आधीपासून होती. इराकी सैन्य आलं तेव्हा इतर हजारो लोकांसारखी बसने वाळवंटातून अम्मानला गेली आणि तिथून विमानाने मुंबईला. परत आली तेव्हा घराचं दार उघडं, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, आणि भिंतींवर, भांड्यांवर, गादीवर तेलकट काजळीचा थर. तेलाच्या विहिरी जळत होत्या तेव्हा महिनोन् महिने दुपारीसुद्धा दिवे लावावे लागायचे, असं मागे राहिलेले लोक सांगत. आम्ही आलो तोवर आकाश निळं झालेलं होतं, पण कपाटाच्या मागे बोट फिरवलं की ते काळं व्हायचं. साबणाने ती काजळी निघत नसे, नुसती पसरायची. आधी कोरड्या फडक्याने टिपायची, मग रॉकेलचा हात, मग साबण. हे मला सिस्टरनेच शिकवलं.

ती कोण, हे आम्हाला मलिद्यामुळे कळलं. एका संध्याकाळी ती झाकलेलं ताट घेऊन आली. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलदोडा, फळांचे काप, आणि वर गुलाबाच्या पाकळ्या.

‘हे काय गं?’ मी विचारलं.

‘मलिदा आहे, ताई. नवस होता, फिटला.’

आतून तुमचे आजोबा ओरडले, ‘मलिदा? आमच्या ऑफिसात तो बरेच जण खातात! आमच्या वाट्याला आज प्रथमच!’

मी हसले. सिस्टर हसली नाही. ताट हातात तसंच धरून ती उभी राहिली, मग उंबऱ्याच्या आत आली, दार लोटलं, आणि हळूच म्हणाली, ‘भावजी, आमच्यात हा प्रसाद असतो. एलियाहू नबीचा.’

तुमच्या आजोबांचा चेहरा उतरला. ते बाहेर येऊन मुकाट्याने हात धुऊन बसले आणि ताटातलं सगळं संपवलं. सिस्टर यहुदी आहे, हे माझ्या मात्र लक्षात यायला वेळ लागला. पुण्याला कॉलेजात जाताना कॅम्पातलं लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं देऊळ मी रोज बघायची. ते यहुद्यांचं, एवढंच माहीत होतं. कोकणात त्यांचे पूर्वज घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची, हे तिने सांगितलं. आमच्यासारखीच मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी, नारळ फोडणारी ही माणसं.

कुवेतमध्ये हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. तिने कागदोपत्री ख्रिश्चन लावलं होतं. इस्पितळातल्या केरळी नर्सेस तिला रविवारी, म्हणजे तिथल्या शुक्रवारी, प्रार्थनेला बोलवायच्या आणि ही डोकं दुखतंय म्हणायची. ‘डोकं एवढं दुखतं म्हणून त्यांनी माझ्यासाठीच प्रार्थना केली एकदा,’ असं ती सांगायची. हसवायला सांगायची, पण स्वतः हसायची नाही.

गुंडाळीबद्दल तिने त्यानंतर सांगितलं. त्यांच्या घराच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली असते आणि तिच्यात चामड्याच्या तुकड्यावर लिहिलेली हिब्रू वचनं गुंडाळून ठेवलेली असतात. मेझुझा म्हणतात. तिच्या घरचा मेझुझा फार जुना होता, पणजोबांच्याही आधीचा. भाऊ, काका, चुलत भावंडं सगळी एकेक करून इस्रायलला गेली. वडिलांनी मात्र गाव सोडलं नाही, आणि ही परदेशी एकटी निघाली तेव्हा दारावरून तो काढून तिच्या हातात दिला. ‘दाराला नुसती खूण राहू दे, लेख तुझ्याबरोबर जाऊ दे,’ म्हणाले. ती इथे तो दाराला कुठून लावणार? कपाटाच्या आतल्या बाजूला लावला. लुटालुटीत कुणीतरी चांदीची नळी उचकटून नेली आणि चामडं जमिनीवर टाकलं. फुटक्या खिडकीखाली ते तसंच पडून राहिलं. तिला सापडलं तेव्हा कुणाच्या तरी बुटाखाली चेपून त्याला चीर गेली होती, आणि आतून ते करपलेल्या गुळासारखं झालं होतं.

पहिल्या रजेत ती ते मुंबईला घेऊन गेली. त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ अशी लिखाणं तपासून द्यायचे. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि सांगितलं, ‘मुली, मला काही दिसत नाही. अक्षरं शाबूत असतील तर साफ करवून घेऊ. पण एक जरी अक्षर मोडलं असेल तर मागाहून जोडता येत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लिहायचं असतं. तसं निघालं तर मग रीतीप्रमाणे पुरायचं.’

गावी म्हाताऱ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘दिसत नाही म्हणजे मोडलं का? मला पण आता दिसत नाही. मलाही पुरा.’

वडील तेव्हा वारले होते. आई गावातल्या त्या घरी एकटीच, मोतीबिंदू पिकलेला, एक बाई सोबतीला. तो लेख पुन्हा आपल्या दारावर लागलेला असावा आणि मग डोळे मिटावेत, एवढं एकच तिचं मागणं होतं. सिस्टर कार्ड घेऊन फोन करायची तेव्हा मी कधीकधी शेजारी असायची. हिब्रू शब्द फोनवर काढायचा नाही असं ठरलेलं. म्हणून आई ओरडून विचारायची, ‘दाराचं काय झालं, बाय?’ आणि ही म्हणायची, ‘सुतार भेटत नाही गो.’ अशी कित्येक वर्षं गेली.

तुमच्या आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. अंधारात शूटिंग करायची सोय असलेले कॅमेरे तेव्हा नवीनच आले होते. त्या लग्नाची निम्मी कॅसेट हिरवी आहे ती त्यामुळेच. बटण चुकून दाबलेलं राहिलं आणि सगळे व्याही भुतांसारखे आलेत. पुढे त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात तुझ्या फिल्ममधलीच गोष्ट वाचली. जुनाट काळं चामडं डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात फिकट दिसतं, पण काजळीची शाई काळीच राहते. मासिक मिटून ते म्हणाले, ‘अगं, आपला कॅमेरा अंधारात तोच प्रकाश बघतो. सिस्टरला विचार.’

सिस्टरला विचारलं तर ती आधी घाबरली. ‘ऑफिसात नेणार?’

‘छे! तिथे कॅमेरे चांगले आहेत, पण चौकशी करणारेही चांगले आहेत. इथेच करू.’

शुक्रवारी सुट्टी. दुपारची जेवणं आटोपून पडदे ओढले. सूर्य मावळला की तिचा शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला दिवस, लागणार, त्याच्या आत उरकायचं होतं. टेबलावर पांढरी चादर, साधा पिवळा बल्ब, आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फोटोच्या रोलचं धुतल्यावर उरतं ते काळं टोक चिकटवलेलं. त्यातून नेहमीचा उजेड जात नाही, हा दुसरा जातो, असं आजोबा म्हणाले. सिस्टरने दोन दिवस आधीपासून ओल्या फडक्याजवळ ठेवून चामडं नरम केलं होतं. ती ते नर्सच्या हातांनी, जखमेवरची पट्टी सोडवावी तसं, उलगडत गेली. मी काचेचे पेपरवेट कडांवर ठेवत गेले.

टीव्ही लावला. आधी नुसता हिरवट करडा धूर. मग आजोबांनी कॅमेरा खाली आणला, आणि तो तपकिरी काळोख हळूहळू विरत गेला, चामडं पिठासारखं फिकट झालं, आणि त्यावर अक्षरं उभी राहिली. ओळीच्या ओळी, चौकोनी, काळी, नीटनेटकी. टेबलावर बघावं तर काही नाही. टीव्हीवर सगळं.

सिस्टरने ओढणी डोक्यावर घेतली आणि उजवीकडून डावीकडे वाचायला लागली. वाचत होती की म्हणत होती कोण जाणे. सूर मात्र तिचा नव्हता, कुणा पुरुषाकडून शिकलेला होता. गाल भिजले होते ते तिने पुसले नाहीत. मला वाटलं, झालं, म्हातारीचं दार सजलं.

शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली. थांबली.

‘भावजी, हे जरा मोठं करता?’

त्यांनी मोठं केलं.

‘हा दालेत आहे का रेश?’

‘मला काय विचारता, सिस्टर? मला दोन्ही उलटे काटकोन.’

‘दालेतला वर मागच्या बाजूला टोक असतं. कोपरा. रेशची पाठ गोल. वडील पट्टी घेऊन बसायचे या दोन अक्षरांसाठी. टोक असलं तर शब्द होतो एहाद. एहाद म्हणजे एक. आपला देव एक आहे, असं ते वचन आहे. टोक गेलं तर अहेर.’

‘अहेर? लग्नात देतात तो?’

‘तो नाही हो, भावजी! अहेर म्हणजे दुसरा. परका.’

मी म्हटलं, ‘म्हणजे ध चा मा.’

तिने माझ्याकडे वळून बघितलं. ‘हो ताई. ध चा मा. आणि तोही देवाच्याच नावाने.’

मुलांनो, हे तुम्हाला समजायला हवं. पेशवाईत एका चिठ्ठीतलं ‘धरावे’ खोडून कुणीतरी ‘मारावे’ केलं आणि एका कोवळ्या पोराचा जीव गेला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एका अक्षराने काय होतं, ते मराठी माणसाला निराळं सांगावं लागत नाही.

चीर बरोबर त्या अक्षराच्या पाठीवरून गेली होती. कोपरा असायला हवा तिथे एक ठिपका होता.

‘आहे की!’ मी म्हटलं. ‘ते बघा टोक.’

‘ठिपका आहे,’ आजोबा म्हणाले. ‘सिस्टर, ही शाई कसली?’

‘दिव्याची काजळी आणि डिंक. वडील सांगायचे. आम्ही तेली, आमच्याकडे काजळीला काय तोटा?’

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, ‘चिरेतून धूर आत गेला असणार. विहिरींचा धूर म्हणजेही काजळीच. लिहिणाऱ्याची काजळी आणि विहिरीची काजळी, कॅमेऱ्याला दोन्ही सारखीच. हा ठिपका कुणाचा, ते तो सांगू शकत नाही.’

एका वेळच्या बघण्यावर त्यांनी विषय सोडला नाही. कॅमेऱ्यातलं चित्र आत घेणारं कार्ड कंप्युटरमध्ये बसवून घेतलं, चित्र त्यात घातलं. पुढच्या शुक्रवारी बल्ब डावीकडून लावला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी उजवीकडून. चित्राच्या कडा कंप्युटरवर धारदार केल्या की दालेत दिसायचा, जरा मऊ केल्या की रेश. एकदा तर सिस्टर पडद्यावर बघत असतानाच त्यांनी माउसने तो ठिपका चामड्याच्या रंगाचा करून दाखवला, कसं दिसेल ते बघायला. तिने त्यांचा हात धरला. ‘असं पुसू नका, भावजी. देवाचं वचन पुसायचं नसतं. चित्रातसुद्धा नको.’ त्यांनी माफी मागितली आणि ते चित्र न साठवता बंद केलं, तर तिला त्याचंही बरं वाटेना. बंद करणं म्हणजे पुसणंच का, असं तिने विचारलं. आम्हाला काय माहीत असणार?

तिची रजा जवळ आली. जाण्याआधी ती येऊन बसली आणि सरळ म्हणाली, ‘भावजी, तुमच्या नळाच्या सांध्यावर असा डाग आला तर काय करता?’

‘पुन्हा फिल्म काढतो.’

‘पुन्हा तसाच आला तर?’

आजोबा चष्मा पुसत राहिले. ‘मग पास करत नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. चहा घेतला नाही.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांच्यावर चिडले. ‘टोक आहे, एवढं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? मुंबईचे ते लिखाणं तपासणारे काका तुमच्या फोटोवर विश्वास ठेवून साफ करायला तयार होते. म्हातारीचे किती दिवस राहिलेत?’

‘मग त्या म्हातारीच्या दारावर मी काय लावू? माझा अंदाज?’

मी ओटा पुसायला घेतला. पण मला पटलं होतं असं समजू नका. जगातल्या सगळ्या सांध्यांखालून माणसं चालत नसतात, असं मला वाटलं होतं. आजही काही वेळा वाटतं.

सिस्टर परत आली ती पांढऱ्या साडीत. विमानतळावरून थेट आमच्याकडेच आली, बॅग जिन्यात ठेवून. मी तिला पाणी दिलं. तिने सांगितलं ते असं. गावी पोचल्यावर तिने चामडं आईच्या मांडीवर ठेवलं. आईने बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली, आणि म्हणाली, ‘कोपरा लागतोय गो माझ्या बोटाला. आहे. हातोडी आण.’

‘आई, ती धुराची काजळी पण असू शकते.’

‘तेल्याच्या पोरीला काजळी कळत नाही होय? आण म्हणते ना!’

‘मी नाही आणली, ताई,’ सिस्टर म्हणाली. ‘मी म्हटलं, भावजींनी पास केलं नाही. तिला काय समजलं कोण जाणे. तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातची पेज घेतली नाही. सोबतीच्या बाईने दिली ती घेतली.’

त्याच रजेत आई गेली. पुरायला दहा पुरुष लागतात. गावात ते उरलेले नव्हते, मुंबईहून गाडी करून आणावे लागले. त्यात ते काकाही होते. त्यांनी चामडं मातीच्या भांड्यात घातलं आणि आईच्या पायथ्याशी वेगळा खड्डा करून त्यात ठेवलं. समुद्राचा वारा होता, माती लोटताना सगळ्यांच्या डोळ्यांत जात होती.

‘मला वाटलं होतं, मरताना तरी बोलेल,’ ती म्हणाली. ‘नाही बोलली.’

आजोबा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते आत आले नाहीत.

त्यानंतरही सिस्टर बरीच वर्षं समोर राहिली. आमच्यातलं बोलणं तुटलं नाही, पण मलिद्याचं ताट पुन्हा आलं नाही. तिच्या मनात राग होता की नवसच बोलायचे उरले नव्हते, ते मी विचारलं नाही. सबाह अल-सालेम भागात तिला इस्पितळाजवळ घर मिळालं तेव्हा ती तिकडे गेली आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी जेवायला येऊ लागली.

असंच एकदा ती जेवायला आली होती. तुमच्या आजोबांच्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. आता बाजारात नवे डिजिटल कॅमेरे आले होते आणि त्यांनी एक घेतला होता. शिवाय निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात एकाच अक्षराचे अनेक फोटो काढून शाई आणि डाग वेगळे ओळखता येतात का, याबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डिंक घातलेली शाई आणि तेलाचा धूर यांत बारीकसा फरक दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं. ते सांगताना त्यांचा घास हातातच राहिला होता. आवाजात असं काही होतं की मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं.

‘तेव्हा हे हाताशी असतं तर, सिस्टर, मी नक्की सांगितलं असतं. हो किंवा नाही. नक्की.’

‘खरंच सांगितलं असतंत, भावजी,’ ती म्हणाली. ‘पण आता ते जमिनीत आहे.’

आणि तिने माझ्याकडे ताट सरकवून थोडी आमटी मागितली.